भिंतींचा विमा

मी एकाच वेळी घरमालकीणही आहे आणि किरायेदारही. अमरावतीत माझं स्वतःचं घर आहे, त्यात दुसरे राहतात. अकोल्यात दुसऱ्याचं घर आहे, त्यात मी राहते. बदली झाली तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, अकोला काय, दोन तासांवर तर आहे. त्या दोन तासांच्या एसटीत मी पहिले आठ महिने रोज जाऊन-येऊन काढले आणि कंबर घालवून बसले. मग नाद सोडला. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन गेली होती, घरात मी आणि भिंतीच उरलो होतो. भिंती किरायाने दिल्या आणि मार्चच्या उन्हात अकोल्याला खोल्या पाहत हिंडायला लागले.

एकट्या बाईला खोली देताना लोक काय काय विचारतात ते सांगत बसत नाही. जिथे मी शेवटी राहिले, तिथल्या चाचांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. सत्तरीचे गृहस्थ, जन्मभर गाद्यांचं दुकान चालवलेलं, आता ते मुलांच्या हवाली करून घरी बसलेले. खाली ते आणि चाची, वर दोन खोल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कूलर हाये का तुमच्याजवळ?"

वऱ्हाडात या प्रश्नाचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्याकडे किरायेदार म्हणजे कूलरसकट माणूस. टेम्पोतून पलंगाआधी कूलर उतरतो, त्याचा लोखंडी स्टँड खिडकीला ठोकला जातो, होळी झाली की त्यात नवं गवत भरायचं आणि पाऊस लागेपर्यंत रात्रंदिवस चालवायचा. घरमालकाला काळजी विजेच्या बिलाची आणि पाण्याच्या टाकीची. चाचांची काळजी निराळी होती. ते स्वतः वर आले, माझ्या कूलरची वायर बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, एका ठिकाणी चिकटपट्टी लावलेली दिसली तर म्हणाले, "हे बदला. मंग लावा."

अकरा महिन्यांचा करार टाइप होऊन आला. नेहमीचाच मजकूर. सही करायला मी पेन काढलं तेवढ्यात चाचांनी कागद ओढून घेतला आणि खाली, उरलेल्या जागेत, सावकाश एक ओळ लिहिली. किरायेदार आपल्या सामानाचा विमा स्वतः काढील आणि कागद दाखवील.

माझं डोकं फिरलं. दिवसभर ऑफिसात खर्डेघाशी करून आलेली मी, पाय सुजलेले, आणि यांचं हे नवीन काढणं. मी म्हटलं, "चाचा, माझ्या सामानात आहे काय? एक पलंग, एक फ्रिज, चार भांडी. आणि तुमच्या घराचा विमा असेलच की."

"हाये ना. पण तो दीवारीचा हाये," चाचा म्हणाले. "छप्पर, दरवाजे, खिडक्या. तुमचा फ्रिज जळाला तं माह्या कागजात तुमचा फ्रिज कुठून येईन? मॅडम, मी जिंदगी कापसात काढली. आग कशी लागते मले मालूम हाये. आग लागली का किरायेदार मालकाच्या तोंडाकडे पायते अन् मालक किरायेदाराच्या. तुहा कूलर का माही वायर. दोघंही खोटं बोलाले लागते. त्यापेक्षा दोघायनं आपापल्या कागजाकडे पायावं. रिश्ता रायते."

मी आणखी दोन-तीन दिवस कुरकुरले. दुसऱ्यांदा नव्या पद्धतीने तेच विचारलं, विम्याच्या एजंटलाही विचारून पाहिलं, की मालकाचा विमा असताना मी कशाला पैसे घालू. एजंटने तेच सांगितलं, चाचांपेक्षा कंटाळलेल्या आवाजात. एका बऱ्या साडीच्या किमतीत वर्षाचं काम भागत होतं, तेव्हा भरले पैसे आणि बसले सामानाची यादी करत.

ती यादी करताना मात्र जीव थकला. प्रत्येक वस्तूपुढे ती कधी घेतली आणि आज घ्यायला गेलं तर कितीला येईल ते लिहायचं होतं. बावन्न वर्षांच्या बाईचा संसार एका पानात मावला, खाली चार बोटं जागा उरली. नवऱ्याचं घड्याळ मी लिहिलं आणि खोडलं. ते बंद पडलेलं आहे, त्याची काय किंमत सांगणार. कागद चाचांना दाखवला. त्यांनी वाचलाही नाही, नुसती मान हलवली, आणि चाचींनी चहा दिला.

आता अमरावतीकडचं सांगते, कारण खरं सांगायचं आहे ते तिकडचंच.

माझ्या घरात राहायला आली होती ती अंजनगाव सुर्जीकडची एक शिलाई करणारी बाई. नवरा वरूडहून संत्र्यांचा ट्रक घेऊन जायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. समोरच्या खोलीत तिची तीन मशिनं. पहिलं माहेरून आलेलं पायाचं, दुसरं मोटारीचं, तिसरं पिको-फॉलचं. तिन्ही एकदम नव्हती आली. एकाच्या कमाईतून दुसरं, दोघांच्या कमाईतून तिसरं. वर्षभरात आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची ब्लाऊजं तिच्याकडे जायला लागली. किराया तारखेच्या आधी यायचा. मला मॅडम म्हणायची, आणि मी तिला गं, अगं. वयाने लेकीएवढीच होती.

फेब्रुवारीत तिने फोनवर सांगितलं होतं की खिडकीजवळचा विजेचा बोर्ड कधीमधी चरचरतो. मी म्हटलं, पुढच्या फेरीत मिस्त्री आणते. पुढच्या फेरीत लग्न निघालं, त्यापुढच्या फेरीत मला ताप होता. एप्रिलमध्ये तिचा पुन्हा फोन आला. मी अकोल्याच्या बसस्टँडवर उभी होते, शनिवारची गर्दी, गाडीचा पत्ता नाही, पिशवीचे बंद तळहाताला रुतत होते.

"मॅडम, आपल्या घराचा विमा हाये ना?"

"आहे. का गं?"

"नाई, आमच्या बचत गटातली एक बाई म्हणून राहिली का मशीनीचा काढून घे. मी म्हटलं, घराचा असन तं आपून डबल कायले भरा? म्हणून विचारलं तुमाले."

बँकेच्या कर्जापायी काढलेला विमा होता माझ्या घराचा. तो फक्त भिंतींचा होता. हे मला त्या वेळी ठाऊक होतं का? होतं. वर्षभरापूर्वीच हाच प्रश्न मी स्वतः दोन माणसांना विचारला होता आणि दोघांनी मला फोड करून सांगितलं होतं. पण ते सगळं तिला समजावायचं म्हणजे दहा मिनिटं बोलावं लागलं असतं. आणि आगीचा विषय निघाला की बोर्डाचा निघाला असता. मला त्या क्षणी दोन्ही नको होतं. मी म्हटलं, "आहे गं घराचा. नको भरूस उगाच."

"बरं झालं वो, विचारलं तं," ती म्हणाली.

गाडी आली, मी चढले, जागा मिळाली नाही. मूर्तिजापूरपर्यंत उभ्याने गेले आणि ते बोलणं विसरूनही गेले. खोटं बोलल्याची टोचणी वगैरे काही लागली नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे लोक असं म्हणतात की मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. माझ्या नाही चुकचुकली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, शेजारच्या काकूंचा ऑफिसात फोन आला. घराला आग लागली होती. विझली होती. जिवाला कुणाच्या काही झालं नव्हतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. वाटेत ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली आणि एक नाही, दोन चहा प्यायला. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. ओरडण्याइतकंही त्राण नव्हतं.

झालं होतं ते असं. ती गल्लीच्या टोकाला लग्नघरी ब्लाऊजं द्यायला गेली होती. दहा मिनिटांत येते म्हणून कूलर चालूच ठेवला, खोली गार राहावी. टाकीतलं पाणी संपलं असेल, गवत सुकलं असेल, बोर्ड चरचरला असेल. कूलर तिचा, बोर्ड माझा. कूलरच्या शेजारी शिवायला आलेल्या कपड्यांचं गाठोडं. लग्नसराईचे दिवस, अर्ध्या गल्लीच्या साड्यांचे काठ त्यात.

मी पोचले तेव्हा ती अंगणात पायरीवर बसली होती. पाण्याने चिखल झाला होता. समोरच्या खोलीचं छत काळं, पंख्याची पाती खाली लोंबलेली, खिडकीत कूलरचा नुसता सांगाडा. मला पाहून ती उठली आणि रडायला लागली. "मॅडम, तुमचं घर जळलं वो. तुमी कसं उभं केलं होतं, अन् माह्या हातून जळलं."

माझ्या घरासाठी रडत होती ती. मी तिला जवळ घेतलं. मग डोळे पुसून म्हणाली, "विमा हाये म्हणून मी जीव धरून हाये. नाई तं काय तोंड दाखवलं असतं तुमाले."

तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, आज नको, आज ती अशीच अर्धी झाली आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या विमा कंपनीचा माणूस येईल, तोच सांगेल, त्याच्या तोंडून कळलेलं बरं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. ती मला "मॅडम" म्हणाली तरी मी दचकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस आला. त्याच्या आधी तासभर तिचं अंगणात काहीतरी चाललेलं होतं, मी मागच्या खोलीत कागद शोधत होते. बाहेर येऊन पाहते तर तिने तिन्ही मशिनं अंगणात आणून एका रांगेत मांडली होती. लाकडी पाट जळून गेले होते, मोटारी वितळल्या होत्या, पण लोखंड शिल्लक होतं. ते तिने राख आणि ओल्या फडक्याने घासून पुसलं होतं. जळून काळी झालेली मशिनं तिने पाहुणे यायच्या आधी भांडी घासतात तशी घासली होती. हातात शाळेची दोनशे पानी वही. त्यात यादी. मशीन, मशीन, पिको मशीन, कात्र्या तीन, इस्त्री, आणि मग प्रत्येक गिऱ्हाइकिणीचं नाव आणि पुढे तिचं कापड. सुवाच्य अक्षर. एकही खाडाखोड नाही.

तो माणूस भला होता. बूट काढून आत गेला, टेपने भिंत मोजली, छताचे फोटो काढले, बोर्ड उघडून पाहिला, चौकट ठोकून पाहिली. एकेक गोष्ट लिहून घेत होता. ती दारात वही धरून उभी होती, आपली पाळी येण्याची वाट पाहत. तो बाहेर आला, मशिनांना वळसा घालून बूट घालायला बसला.

"साहेब, हे राह्यलं," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. "हे कोणाचं?"

"माहं."

"तुम्ही किरायेदार? तुमची पॉलिसी कोणती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तो समजला. बुटाची नाडी बांधता बांधताच त्याने सांगितलं, हळू आवाजात, की बाई, या कागदात घराचं आहे, भिंती, छत, दारं, वायरिंग. तुमचं सामान यात येत नाही. तुम्ही वेगळं घ्यायला हवं होतं, फार पैसे पडत नाहीत त्याला. शेवटचं वाक्य त्याने म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

तो गेला. तिने वही मिटली. मग म्हणाली, "मॅडम, तुमी तं..." आणि थांबली.

आणि मी म्हटलं, "मलाही वाटलं होतं गं, सगळं येतं त्यात."

आयुष्यात मी अनेकदा खोटं बोलले असेन. ऑफिसात तर रोजच. पण एवढं सहज, एवढं तयार असलेलं खोटं दुसरं बोललेलं मला आठवत नाही. तिने लगेच विश्वास ठेवला, तेच मला सहन झालं नाही. वर मलाच म्हणाली, "जाऊ द्या. आपून दोघीही येड्याच निघालो."

पुढचे पंधरा दिवस तिच्या दारात बायका येत राहिल्या. कुणी चांगलं बोलून गेलं, कुणी हळदीच्या साडीच्या नावाने गळा काढला. कापडाची भरपाई तिने जमेल तशी केली; गळ्यातली पोत दिसेनाशी झाली तेव्हा मी विचारलं नाही. मी म्हटलं, एक मशीन मी घेऊन देते तुला. तर म्हणते, "तुमचंच केवढं नुकसान झालं, मॅडम. तुमी कुठून देता?" माझं नुकसान! माझा चेक दीड महिन्यात आला. छत झालं, नवी वायरिंग झाली, रंग झाला. खोली आधीपेक्षा चांगली दिसायला लागली. रंगाचा वास जायच्या आत ती अंजनगावला निघून गेली. पुसलेली मशिनं भंगारवाल्याने वजनावर नेली.

अकोल्यात जिन्यावर चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बिचारी. तिले कोनी सांगतलं नवतं का?"

"नाही," मी म्हटलं. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले.

नव्या किरायेदाराच्या करारात मी खाली हाताने तीच ओळ लिहिली. बैल गेला नि झोपा केला. बँकेत नोकरीला असलेला तरुण होता, तो वैतागला. "आमच्या सामानात आहे काय, मॅडम?" मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, "काढायचा असेल तर खोली मिळेल." आणि त्याच्या कूलरची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

दिवाळीनंतर, एका रविवारी, तिचा फोन आला. मी अकोल्यात खाटेवर पडले होते, भात टाकायचाही कंटाळा आला होता. पलीकडून मशीन चालल्याचा आवाज येत होता. मला एकदम बरं वाटलं.

"जुनं घेतलं एक," ती म्हणाली. "उधारीत. बसस्टँडजवळ खोली घेतली, किरायानं. मॅडम, एक विचारायचं होतं. इथचे मालक म्हणून राहिले का घराचा विमा हाये, तुले काई करा लागत नाई. तं खरं हाये का ते? तुमाले मालूम असन, तुमच्या घराचं झालं न आता."

मालक तेच म्हणाला होता. शब्दसुद्धा माझेच. आणि ती विचारायला माझ्याकडे आली होती.

मी उठून बसले. म्हटलं, "खरं नाही. त्याचा विमा भिंतींचा असतो. तुझ्या सामानाचा तुलाच काढावा लागतो. आणि मशीन धंद्याचं आहे, ते अर्जात स्पष्ट लिहायचं. लोकांचे कपडे असतात तेही सांगायचं, त्यांचं काय होतं ते विचारून घ्यायचं. लपवलं तर ऐन वेळी देत नाहीत."

मशीन थांबलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे तुमाले तवा मालूम होतं का? मी फोन केला होता तवा?"

या वेळी ना गाडी येत होती, ना पिशवी रुतत होती. खोटंही अगदी जवळ होतं, हात घातला असता तर सापडलं असतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं. सांगायचा कंटाळा केला मी."

ती फोन ठेवेल असं वाटलं. ठेवायलाच हवा होता तिने. रस्त्यावरून एक गाडी गेल्याचं ऐकू आलं, मग स्टूल सरकल्याचं, मग कागद उलटल्याचं.

"सांगा आता," ती म्हणाली. आवाजात मॅडम नव्हतं. "पयले काय लिवा लागते? वही घेतली मी."